टाकाऊ तेलावरचे डिझेल इंजिन : नगर जिल्ह्याच्या संदर्भात प्रस्तावना

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. दट्ट्या सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या पंधराव्या ते अठराव्या हिश्श्याइतकी दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापते आणि तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेट घेते. ते तेल जमिनीतून आले की घाण्यातून, याच्याशी या क्रियेला देणेघेणे नाही. तेल बारीक फवारले जावे, चटकन पेटावे आणि जळल्यावर मागे काही उरू नये, एवढ्याच तिच्या अटी. रूडॉल्फ डिझेल यांचे नीट चालणारे पहिले इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला तयार झाले. तीनच वर्षांनी, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात, ऑटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवले. ते इतके सुरळीत चालले की इंधन बदलल्याचे फार थोड्यांच्या लक्षात आले, असे डिझेल यांनीच पुढे नमूद केले आहे. वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालणे ही म्हणूनच नवी गोष्ट नाही. एकदा वापरून झालेले, फेकायला निघालेले तेल त्याच इंजिनापर्यंत नेणे मात्र तुलनेने नवे आहे, आणि तेच अधिक अवघड आहे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि चौदा तालुके. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवरचा ऊस, दक्षिणेला पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडची कोरडवाहू जमीन. मोटा बंद पडल्या तशी इथल्या विहिरींवर ऑइल इंजिने आली. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे नाव गावोगाव पोहोचले ते याच काळात. पुढे वीज आली, आता सौरपंप येत आहेत आणि विहिरीवरचे इंजिन बहुतेक ठिकाणी गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडले आहे. तरी जिल्ह्याचा गाडा डिझेलवरच चालतो. नांगरटीचे ट्रॅक्टर, मळणीयंत्रे, गळिताच्या हंगामात रस्ता अडवून चालणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, दुधाचे टँकर, नगर-मनमाड रस्त्यावरची अखंड मालवाहतूक आणि वीज गेली की धडधडणारे जनरेटर ही सगळी डिझेलची गिऱ्हाइके. जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल बनवतात, पण ते पेट्रोलमध्ये जाते. डिझेलमध्ये इथेनॉल सहजी मिसळत नाही. थोडे पाणी शिरले किंवा गारठा वाढला की दोन्ही वेगळे होऊन बसतात. त्यामुळे इंधन तयार करणारा हा जिल्हा स्वतःच्या ट्रॅक्टरांसाठी मात्र पूर्णपणे बाहेरच्या तेलावर अवलंबून आहे.

टाकाऊ तेल म्हणजे एकच पदार्थ नव्हे. तळणीतून उरलेले खाद्यतेल, प्राण्यांची चरबी आणि दुग्धालयातला मेद ही एक जात. रासायनिक घडणीने ही सगळी मेदाम्लांची संयुगे आहेत. प्लास्टिक किंवा टायर हवेशिवाय तापवून मिळणारे तेल ही दुसरी जात. घडणीने ते खनिज तेलाचे भाऊबंद. गॅरेजमधले जळके काळे ऑइल ही तिसरी. तिन्ही पेटतात म्हणून तिन्हींना एकाच मापाने मोजण्याची चूक सर्रास होते. प्रत्येकीची शुद्धीकरणाची वाट वेगळी, इंजिनावर होणारा परिणाम वेगळा आणि कायदाही वेगळा आहे.

इंजिनाच्या दृष्टीने तेलाचा पहिला गुण म्हणजे त्याचा दाटपणा. डिझेलची श्यानता ४० अंश सेल्सिअसला २ ते ४.५ सेंटिस्टोक असावी असे भारतीय मानक सांगते. कोणतेही खाद्यतेल त्याच तापमानाला ३० ते ४० सेंटिस्टोकच्या घरात असते, आणि तळून तळून घट्ट झालेले त्याहून पुढे जाते. इतके दाट तेल नोझलमधून धुक्यासारखे न उडता जाड थेंबांनी पडते. थेंब पुरते जळत नाहीत. नोझलच्या तोंडाशी कोळसा साचतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात आणि न जळलेले तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून वंगणात मिसळते. वंगणाचा मग हळूहळू डिंक होतो. यातले काहीच पहिल्या दिवशी दिसत नाही. कढईतले तेल गाळून ट्रॅक्टरमध्ये ओतले आणि ट्रॅक्टर मस्त चालला, अशा हकिगती खोट्या नसतात. त्या फक्त लवकर सांगितलेल्या असतात.

दुसरा गुण पेटण्याच्या तत्परतेचा. तो सिटेन अंकाने मोजतात आणि आजच्या डिझेलसाठी तो किमान ५१ लागतो. तिसरा उष्मांक. किलोमागे डिझेल सुमारे ४२ ते ४३ मेगाज्यूल उष्णता देते, तर तेलापासून केलेले बायोडिझेल ३७ ते ३८. फरक मोठा वाटतो. पण बायोडिझेल वजनाने भारी आणि इंजिनाचा पंप तेल आकारमानाने मोजतो, म्हणून लिटरमागे तूट सात-आठ टक्क्यांवर येते. चौथा गुण गंधकाचा. बीएस-६ या प्रदूषण निकषाच्या डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत १० भागांहून अधिक चालत नाही. टायरच्या तेलाचे घोडे नेमके इथेच अडते.

नगर जिल्ह्यात सर्वांत सहज दिसणारे टाकाऊ तेल तळणीचे. एसटी स्टँडबाहेरचे वडापाव आणि भज्यांचे गाडे, शेव-फरसाणाच्या भट्ट्या, महामार्गावरचे ढाबे, लग्नसराईतले आचारी, आणि बारमाही गर्दीच्या शिर्डीतली हॉटेले. कढईतले तेल १७० ते १९० अंशांवर तासन्तास तापत राहते तेव्हा त्याच्यावर तीन आघात होतात. पदार्थातल्या पाण्याच्या वाफेने तेलाचा रेणू फुटून मोकळी मेदाम्ले सुटतात. हवेतल्या प्राणवायूने ते खवट होते. आणि उष्णतेने रेणू एकमेकांना जोडले जाऊन ते काळे, फेसाळ व दाट बनते. या सगळ्या बिघाडाची गोळाबेरीज एकूण ध्रुवीय संयुगांच्या टक्केवारीने करतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून ही मर्यादा २५ टक्के ठरवली. त्यापुढचे तेल खाण्यास अयोग्य. त्याच वर्षी १० ऑगस्टला, म्हणजे जागतिक जैवइंधन दिनी, प्राधिकरणाने वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ ही योजना सुरू केली. तळणीसाठी दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी आणि उरलेले तेल अधिकृत संकलकालाच द्यावे, असा नियमही पाठोपाठ आला.

नियम चांगला आहे, पण त्याची चाळणी मोठ्या भोकांची आहे. जिल्ह्यातली तळण बहुतांश पन्नास लिटरच्या आतल्या कढयांत होते. तिथले उरलेले तेल सहसा फेकले जात नाहीच. त्यात नवे तेल घालून कढई पुन्हा चढते, किंवा मोठ्या हॉटेलातून ते स्वस्तात लहान गाड्यावर जाते आणि तिथून पुन्हा माणसाच्या पोटात. शेवटी जे उरते ते गटारात किंवा साबण बनवणाऱ्याच्या डब्यात. टाकाऊ तेलाचा खरा प्रतिस्पर्धी डिझेल नसून हा पुनर्वापर आहे, हे ध्यानात घेतल्याखेरीज संकलनाचे कोणतेही गणित सुटत नाही. संकलक लिटरमागे जो भाव देतो तो पुढच्या गाडेवाल्याच्या भावापेक्षा जास्त असला तरच डबा भरतो. मुंबईत मॅकडोनाल्ड्सच्या रेस्टॉरंटांतले तेल बायोडिझेल होऊन त्यांच्याच पुरवठ्याच्या ट्रकांत जाऊ लागले, ते साखळी एका मालकाची असल्यामुळे. पाथर्डी फाट्यावरच्या दहा गाड्यांचे दहा मालक असतात.

गोळा झालेल्या तेलाचे बायोडिझेल करण्याची क्रिया रसायनशास्त्राच्या दृष्टीने जुनी आणि साधी आहे. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या लटकलेल्या असतात. मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तेल साठ अंशांच्या आसपास ढवळले की साखळ्या कण्यापासून सुटतात आणि मेथॅनॉलशी जोडल्या जातात. शंभर किलो तेलाला दहा-अकरा किलो मेथॅनॉल खर्ची पडते. जवळपास शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन हाती येते. जड ग्लिसरीन तळाशी बसते आणि वरचे पातळ द्रव धुऊन, वाळवून घेतात. श्यानता ३० वरून ४-५ सेंटिस्टोकवर उतरते, म्हणजे नोझलला ते तेल आपलेसे वाटू लागते.

अडचण तेल वापरलेले असण्यात आहे. मोकळी मेदाम्ले दोन टक्क्यांच्या वर गेली की ती सोड्याशी संयोग पावून साबण बनवतात, आणि साबणाच्या फेसात बायोडिझेल व ग्लिसरीन वेगळेच होत नाहीत. म्हणून अशा तेलावर आधी गंधकाम्ल व मेथॅनॉलची प्रक्रिया करून मेदाम्ले जिरवावी लागतात. त्याच्याही आधी मिठाचे कण, बेसनाची करप आणि पाणी काढावे लागते. मेथॅनॉल विषारी आहे आणि ६५ अंशांना उकळते. त्याची वाफ भपकन पेटते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम करावे असे सांगणारे चलचित्र कोणी दाखवले तर पाहून सोडून द्यावे.

इथे नगरच्या थंडीचाही संबंध येतो. देशात लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून मोठा हिस्सा आयात होतो आणि त्यात पामतेल आघाडीवर आहे. हॉटेलांच्या कढईत तेच अधिक, कारण ते स्वस्त आहे आणि तळणीत टिकते. पामतेलात संपृक्त मेदाम्ले भरपूर असतात. त्यापासून केलेले बायोडिझेल पेटायला उत्तम, साठवणीला टिकाऊ. पण पारा १३-१६ अंशांच्या खाली जाताच त्यात मेणासारखे कण धरू लागतात. डिसेंबर-जानेवारीत नगरला पहाटेचा पारा एक आकड्यावर येणे नवलाचे नाही. निव्वळ पाम-बायोडिझेल भरलेल्या ट्रॅक्टरचा फिल्टर अशा पहाटे तुंबेल. सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलाचे बायोडिझेल गोठत नाही, पण लवकर खवट होते. यावर व्यवहारातला उपाय एकच, मिश्रणाचा. पाच ते वीस टक्के बायोडिझेल आणि बाकी डिझेल असेल तर थंडीची आणि रबरी नळ्या फुगण्याची, अशा दोन्ही तक्रारी जवळपास नाहीशा होतात.

तेलाचा आणखी एक स्रोत या जिल्ह्याचा खास आहे. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला उघड्या चौथऱ्यावरच्या शिळेला भाविक तेल वाहतात, आणि शनी अमावास्येला हा ओघ कितीतरी पटींनी वाढतो. हे तेल तळलेले नसते, म्हणून त्यात मोकळी मेदाम्ले कमी. त्यात धूळ, पाणी, फुले, उडीद मिसळतात, पण ते गाळून आणि तापवून काढता येतात. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते म्हणून मार्च २०२५ पासून केवळ ब्रँडेड, खाद्य दर्जाचेच तेल वाहू देण्याचा नियम झाला. नियमाचा हेतू धार्मिक आणि शिळेच्या रक्षणाचा. पण इंधनाच्या बाजूनेही तो उपयोगी आहे. भेसळीतले खनिज तेल मेथॅनॉलशी संयोग पावत नाही आणि तयार मालाचा दर्जा बिघडवते. एकाच जागी, एकाच व्यवस्थेच्या हाती आणि ठरावीक दिवशी जमणारे असे तेल संकलनाच्या दृष्टीने शेकडो कढयांपेक्षा सोयीचे. ते अर्पणाचे तेल इंजिनात जावे की नाही हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि तो तिथल्या लोकांचा आहे. तांत्रिक आडकाठी मात्र काही नाही.

दुधाचेही तसेच. नगर हा राज्यातला आघाडीचा दूध उत्पादक जिल्हा. दूध संघांच्या टाक्या आणि यंत्रे धुतलेल्या पाण्यावर मेदाचा पांढुरका, आंबट थर तरंगतो. सांडपाणी प्रकल्पाला तो डोकेदुखी. या मेदापासूनही बायोडिझेल करता येते, त्यावर कर्नाटकात काम झालेले आहे. त्यात पाणी आणि मेदाम्ले दोन्ही फार असल्याने प्रक्रिया खर्चिक ठरते, आणि तिचा खरा नफा सांडपाणी हलके होण्यात आहे.

प्लास्टिकची गोष्ट वेगळी. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन ही मुळात खनिज तेलापासूनच केलेली, कर्ब-हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्यांची द्रव्ये. हवा न लागू देता ती ३५० ते ५०० अंशांपर्यंत तापवली की साखळ्या तुटतात, वाफ होते आणि ती थंड केल्यावर तेल मिळते. न गोठणारा वायू भट्टीलाच जाळायला वापरतात, काजळीसारखा अवशेष तळाशी उरतो. नागपूरच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक अलका झाडगावकर आणि त्यांचे पती उमेश झाडगावकर यांनी या शतकाच्या आरंभी ही पद्धत मांडून बुटीबोरीत प्रकल्प उभारला, तेव्हा तिचा देशभर बोलबाला झाला. पुढे पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या रुद्र एन्व्हायर्न्मेंटल सोल्युशन या संस्थेने जेजुरीजवळ असाच प्रकल्प चालवला. घरोघरी वेगळे काढलेले प्लास्टिक गोळा करणे हा त्यांच्या कामाचा तितकाच मोठा भाग. या दोन्ही उदाहरणांत भट्टीपेक्षा वर्गीकरणाचेच काम अधिक नाजूक आहे. पीव्हीसीचा एक तुकडा भट्टीत गेला तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि नळ्या खाते. पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक तेल न देता पावडर बनून वाटा बुजवते. थर्माकोलचे तेल वलयी (अ‍ॅरोमॅटिक) संयुगांनी भरलेले आणि पेटायला मंद असते.

नगर जिल्ह्यात शहरी कचऱ्याइतकाच शेतातल्या प्लास्टिकचा विचार व्हायला हवा. ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंग पेपर, शेततळ्यांचे फाटलेले कागद, खतांच्या गोण्या, शिवाय दुधाच्या पिशव्या. यातले बरेचसे पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे तेलासाठी उत्तम जात. पण उचकटलेल्या मल्चिंग पेपराला चिकटलेली माती अनेकदा कागदापेक्षा जड भरते. ती माती भट्टीत गेली की इंधन खाते आणि परत काही देत नाही. त्याच शेतातली पीव्हीसी पाइपलाइन चुकून ढिगात येणे तर अगदी सोपे. शेतकऱ्याच्या बांधावर, कागद गुंडाळतानाच हे वेगळे व्हावे लागते; कारखान्याच्या दारात ते होत नाही.

टायरपासून वजनाच्या सुमारे ३५ ते ४५ टक्के तेल निघते. बाकी काजळी, तार आणि वायू. टायर पक्के करताना रबरात गंधक घालतात, ते तेलात उतरते आणि त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास जाते. बीएस-६ च्या मर्यादेपेक्षा हे सुमारे हजारपट. असे तेल इंजिनात जाळले तर धुरात गंधकाचे आम्ल तयार होते आणि आधुनिक गाडीच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा उत्प्रेरक निकामी होतो. त्यामुळे हे तेल मुख्यतः भट्ट्यांत आणि डांबर मिसळणाऱ्या प्लांटमध्ये जळते. टायर तसाच जाळण्यापेक्षा ते नक्कीच बरे. शेजारच्या दौंड भागात गुऱ्हाळांच्या चुलाणात टायर आणि प्लास्टिक घातल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत; तो काळा धूर पाहिलेल्या माणसाला पटवून सांगावे लागत नाही. पण डिझेल इंजिनाचे इंधन म्हणून टायरच्या तेलाची बाजू गंधक काढल्याखेरीज लंगडीच, आणि गंधक काढणे हे मोठ्या शुद्धीकरण कारखान्याचे काम आहे.

गॅरेजमधले काळे ऑइल हे तर इंधन नव्हेच. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि जस्त-फॉस्फरसची पूरके असतात. सिलिंडरमध्ये ती जळत नाहीत, राख होऊन घासतात. गावाकडे हे ऑइल सेंट्रिंगच्या प्लेटांना आणि वाळवी लागू नये म्हणून खांबांना फासतात. कायद्याने तो घातक कचरा असून त्याचे पुन्हा वंगणात रूपांतर करण्याची जबाबदारी एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर टाकलेली आहे. तीच त्याची योग्य वाट.

या सगळ्या तेलांची इंजिनावरची परीक्षा महाराष्ट्रात कोठे होते, असे विचारले तर उत्तर बहुधा अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सापडते. लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि नगरजवळ विळद घाट, अशी जिल्ह्यातली चार जुनी अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ च्या सुमारास, सहकार आणि साखरेच्या पैशावर उभी राहिली. राहुरीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे स्वतंत्र महाविद्यालय आहे, आणि नगरच्या वाहननगरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. राज्यभरातल्या यंत्र अभियांत्रिकी विभागांत ज्या यंत्रावर असे प्रयोग होतात ते बहुतेक ठिकाणी एकच असते : एका सिलिंडरचे किर्लोस्कर टीव्ही-१ इंजिन, ८७.५ मिलिमीटर व्यास, ११० मिलिमीटर धाव, दाबगुणोत्तर १७.५, मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ५.२ किलोवॅट. सांगलीच्या अ‍ॅपेक्स इनोव्हेशन्सने या इंजिनाभोवती मोजमापाची मांडणी बसवून ते विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवले.

अशा मांडणीवरचे निष्कर्ष आता इतक्या वेळा मिळाले आहेत की त्यांचा साचा ठरून गेला आहे. वीस टक्के बायोडिझेलच्या मिश्रणावर शक्ती आणि कार्यक्षमता जवळपास डिझेलइतकीच. बायोडिझेलमध्ये दहा-अकरा टक्के प्राणवायू असल्याने जळण पुरते होते. धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन घटतात. नायट्रोजन ऑक्साइड मात्र थोडे वाढतात. शंभर टक्के बायोडिझेलवर ही वाढ दहा टक्क्यांपर्यंत जाते आणि खपही तितकाच वाढतो. प्लास्टिकचे तेल उष्मांकाला डिझेलच्या बरोबरीचे, पण सिलिंडरमध्ये पडल्यावर पेटायला क्षणभर उशीर करते. मग साचलेले तेल एकदम पेटते, ठोका वाढतो, नायट्रोजन ऑक्साइडही वाढतात. वीस-तीस टक्क्यांच्या मिश्रणापर्यंत हे दोष आवाक्यात राहतात.

या प्रयोगांची मर्यादा वेळेची आहे. एकेक वाचन काही मिनिटांचे, सगळा प्रयोग काही दिवसांचा. नोझलवरचा कोळसा, रिंगांचे चिकटणे, वंगणाचे बिघडणे या गोष्टी शेकडो तासांनी दिसतात. भारतीय मानकातली टिकाऊपणाची चाचणी म्हणूनच ५१२ तासांची आहे : सोळा तासांचे एक चक्र, अशी बत्तीस चक्रे. ती करायला इंधन, मनुष्यबळ आणि पैसा लागतो. म्हणून अल्पकाळाच्या प्रयोगांचे लेख ढिगाने निघतात आणि टिकाऊपणाचे थोडे.

शिवाय प्रयोगशाळेतले इंजिन जुन्या धाटणीचे आहे. त्याचा यांत्रिक पंप सुमारे २०० बार दाबाने तेल फवारतो. मळकट इंधनही तो काही काळ सोसतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ वाहनात हाच दाब दीड-दोन हजार बारवर आहे, नोझलची भोके केसासारखी, आणि धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर. तिथे न धुतलेला साबण, उरलेले ग्लिसरीन किंवा पाण्याचा थेंबही महागात पडतो. नव्या ट्रॅक्टरांचे आणि जनरेटरांचे निकषही याच दिशेने कडक होत आहेत. याचा अर्थ असा की ज्या इंजिनांना कच्चे टाकाऊ तेल पचते ती कमी होत चालली आहेत; जी उरणार आहेत त्यांना मानकात बसणारेच इंधन लागेल. जुन्या ट्रॅक्टरमध्ये मानकातले मिश्रण वापरतानाही पहिले काही दिवस फिल्टर तपासावा लागतो, कारण बायोडिझेल टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सोडवून आणते.

बायोडिझेलचे मानक आयएस १५६०७ हे आहे, आणि वाहनांसाठी त्याच्या विक्रीचे नियम केंद्राने एप्रिल २०१९ मध्ये घालून दिले. तेल कंपन्यांना पुरवल्या जाणाऱ्या बायोडिझेलवरचा वस्तू व सेवा कर २०२१ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दुर्दैवाने याच काळात महामार्गांच्या कडेला ‘बायोडिझेल’ची पाटी लावून औद्योगिक तेले आणि द्रावके विकणारे पंप उभे राहिले. त्या द्रवात ना तळणीचे तेल होते ना मेथॅनॉलची प्रक्रिया. स्वस्त म्हणून ट्रकवाले भरत, पंप आणि नोझल खराब झाले की दोष बायोडिझेलला. महाराष्ट्रात अशा पंपांवर कारवाया झाल्या, पण नाव बदनाम झाले ते झालेच.

आता प्रमाणाचा हिशेब. देशात दरवर्षी सुमारे २,७०० कोटी लिटर खाद्यतेल खपते. त्यातून मोठ्या ग्राहकांकडून १४० कोटी लिटर वापरलेले तेल मिळू शकते आणि त्याचे ११० कोटी लिटर बायोडिझेल होईल, असा सरकारी अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. भारताचा वार्षिक डिझेल खप नऊ कोटी टनांच्या घरात, म्हणजे दहा हजार कोटी लिटरहून अधिक आहे. यातला शेवटचा थेंब गोळा केला तरी हे टाकाऊ खाद्यतेल डिझेलची एक टक्का गरज भागवेल. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणातले २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट एकट्या या वाटेने गाठता येणार नाही. त्याआधी मोगली एरंडावर म्हणजे जट्रोफावर अशीच मदार ठेवली होती. पडीक जमिनीतल्या झाडाने पाणी आणि खत न देता बी द्यावे ही अपेक्षा फोल ठरली. टाकाऊ तेलाला निदान जमीन लागत नाही. त्याचे मोल डिझेलची जागा घेण्यापेक्षा काळे तेल माणसाच्या ताटातून आणि गटारातून बाहेर काढण्यात अधिक आहे.

हा एक टक्काही एका ठिकाणी गोळा व्हायला तालुका हेच सोयीचे माप. लहान कढयांचे तेल दर आठवड्याला उचलणारी गाडी, ध्रुवीय संयुगे मोजणारे हातातले यंत्र, पाणी बसायला वेळ देणाऱ्या टाक्या आणि भाव ठरवणारी एक समिती, एवढे तालुक्याच्या गावी करता येते. मेथॅनॉलची प्रक्रिया मात्र जिल्ह्यात एखाद्या ठिकाणी, परवाना आणि प्रयोगशाळा असलेल्या कारखान्यातच व्हावी. दूध संकलनाची अशीच उतरंड या जिल्ह्याने कित्येक दशके चालवली आहे. फॅट पाहून भाव देण्याची सवय इथल्या माणसाला नवी नाही.

आता या तेलाला नवे गिऱ्हाईकही मिळाले आहे. विमानांच्या इंधनासाठी जगभर वापरलेल्या खाद्यतेलाला मागणी वाढते आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ पर्यंत एक टक्का आणि २०३० पर्यंत पाच टक्के शाश्वत इंधन मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने ठेवले आहे, आणि इंडियन ऑइलच्या पानिपत शुद्धीकरण कारखान्याला वापरलेल्या खाद्यतेलापासून असे इंधन बनवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळाले. पुण्याच्या प्राज या कंपनीने तयार केलेले शाश्वत इंधन मिसळून १९ मे २०२३ रोजी पुणे-दिल्ली विमान उडाले. ते इंधन अल्कोहोलच्या वाटेने आलेले होते, म्हणजे त्या वाटेचा संबंध उसाशी येतो. विमान कंपन्या लिटरमागे जो भाव देऊ शकतील तो ट्रॅक्टरच्या मिश्रणाला परवडणारा नसेल. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत चांगल्या प्रतीचे तळणीचे तेल विमानाकडे, अधिक बिघडलेले तेल व दुग्धालयातला मेद बायोडिझेलकडे, आणि प्लास्टिकचे तेल जनरेटर व भट्ट्यांकडे, अशी वाटणी होण्याची शक्यता अधिक दिसते.